अनुक्रमांक

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत
डिझेलच्या कोट्याची यादी मी स्क्रीनवर आणली
तेव्हा बाहेर ओहोटी लागली होती.
चिटणीस वामन कोळंबकरांनी
चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा खाली घेतला,
म्हणाले, "आकडे खंय आसत गो?"

आकडे होते. माझ्यापाशी होते.
नोंद होताच यंत्र प्रत्येक होडीला एक देतं,
एकदाच. पुन्हा दुसऱ्या कुणाला देत नाही.
तो रकाना मी झाकून ठेवला होता, उघडून दाखवला.

पंचेचाळीस, गजलक्ष्मी.
सेहेचाळीस, सातेरीकृपा.
अठ्ठेचाळीस.

कोळंबकरांचं बोट काचेवर थांबलं,
बोटाला बांगड्याचा खवला चिकटलेला.
"सत्तेचाळीस खंय गेलो?
कोणाच्या नावार डिझेल जाता ता?"

बाकावरचे दोघे उठून मागे आले.
तिसरा दारात होता, त्याने विडी विझवली.
गाळलेला आकडा म्हणजे
कुणीतरी अंधारात कॅन भरून नेतोय,
हे इथल्या पोरालाही कळतं.

मी म्हटलं, चुकून केलेली नोंद होती, पुसली.
आणि लिहायला बसले नवा रकाना,
जो कुठे साठवायचाच नाही,
यादी समोर येईल तेव्हाच
वरून खाली ओळी मोजायच्या.

पहिल्यांदा आलं शून्य.
"शून्य लंबराची होडी खंयची?" विडीवाला हसला.
यंत्र शून्यापासून मोजतं, त्याला काय सांगू.
माझी आई भात मापताना पहिल्या पायलीला
एक म्हणत नाही, लाभ म्हणते.
मी प्रत्येक ओळीत एक मिळवला.
लाभ. दोन. तीन.

पानावर पंचवीस नावं मावतात.
दुसरं पान उघडलं तर तिथेही लाभ!
आत्माराम कुबल सव्विसावा, तो पहिला झाला,
खूश होऊन बायकोला फोन लावायला निघाला.
त्याला थांबवलं.
मागच्या पानांवर किती माणसं उभी आहेत
हे पुढच्या पानाला सांगावं लागतं, आपण होऊन
त्याला ठाऊक नसतं.

मग नावांप्रमाणे लावली यादी,
अनंत तांडेल सगळ्यात वर.
होडीच्या लांबीप्रमाणे लावली,
अनंत तांडेल शेवटून तिसरा, तोंड पाडून.
आकडा तुझा नाही रे, मी म्हटलं, जागेचा आहे.
रेशनच्या रांगेत पिशवी ठेवतोस ना, तसा.
त्याला ते पटलं नसावं.

एक ते एकशे एकतीस. खळ नाही, खाच नाही.
कोळंबकरांनी छापून घेतली, शिक्का मारला,
खळीचा डबा घेऊन फळ्याकडे गेले.

सत्तेचाळीसची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
बंदीच्या दिवसांत, एका रात्री,
यादी चालते का बघायला
मी एक होडी नोंदवली होती.
लांबी बत्तीस फूट, इंजिन नवं.
नाव सुचेना, म्हणून लिहिलं चाचणी.
मालकाच्या रकान्यात माझंच नाव घातलं.

आमच्या घरात चार पिढ्या होड्या आहेत.
कागदावर आजोबा, काका, बाबा, आता भाऊ.
जाळी मी शिवते, बर्फाचा हिशेब मी ठेवते,
काठावरून हाका मारते.

तीन मिनिटं ती ओळ नुसती बघत बसले.
मग आतून भावाने विचारलं, झालं काय गो?
झालं, म्हटलं. आणि पुसली.

फळ्यावरच्या यादीत
सेहेचाळिसानंतर सत्तेचाळीस आहे आता,
कुणा दुसऱ्याची होडी, जिवंत, डिझेल मिळणारी.
पण आत, झाकलेल्या रकान्यात
सेहेचाळिसानंतर अठ्ठेचाळीसच येतात.
मधे एका होडीपुरतं पाणी.

यंत्र ती जागा कुणाला देणार नाही.
मीही मागितलेली नाही, अजून.